जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, उत्पादनयंत्रांवरील

जिची सुरक्षादुरुस्ती निर्मात्याने थांबवली आहे अशी ऑपरेटिंग सिस्टिम कारखान्यातील यंत्रावर नेटवर्कपासून तोडून वापरत राहण्याची पद्धत. नीट निगा राखलेले सीएनसी लेथ किंवा मिलिंग मशीन वीस-तीस वर्षे काम देते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या सुरक्षादुरुस्तीची मुदत संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. यंत्र ठणठणीत, पण त्यावरील प्रणाली निवृत्त, अशी स्थिती त्यामुळे सर्रास आढळते.

नवी आवृत्ती चढवावी, तर आडवे येते ते कार्ड. यंत्राला संगणक जोडणारे कार्ड आयएसए किंवा पीसीआय स्लॉटमध्ये बसते, त्याचा ड्रायव्हर एकाच आवृत्तीसाठी लिहिलेला असतो आणि परवान्याचा डोंगल कित्येकदा पॅरलल पोर्टवर असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये सॉफ्टवेअर उघडते, पण असे कार्ड बहुधा सापडत नाही. मात्र सगळा भार विंडोजवरच असतो असेही नाही. सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी या नियंत्रकात अक्षांची हालचाल एनसीयू हा स्वतंत्र भाग सांभाळतो. विंडोज एनटी किंवा एक्सपी असते ती ऑपरेटरसमोरच्या पीसीयू ५० या संगणकावर. अर्थात स्क्रीनच गेली तर ऑपरेटरचे हात बांधले जातात.

नेटवर्कची केबल काढली की काम झाले, हा समज भाबडा आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा संगणकविषाणू इराणमधील नतान्झच्या सेंट्रिफ्यूजपर्यंत पोचला, तो इंटरनेटशी न जोडलेल्या संगणकांत पेन ड्राइव्हवरून शिरण्याच्या ताकदीवर. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी कंपनीत नव्या यंत्राचे सॉफ्टवेअर विषाणूतपासणीविना बसवले गेले आणि वॉनाक्राय या विषाणूच्या एका प्रकाराने चिपनिर्मिती खोळंबली. तेथील यंत्रांवर विंडोज ७ होती. तिची दुरुस्ती मार्च २०१७ पासून उपलब्ध होती, फक्त बसवलेली नव्हती. मे २०१७ च्या मूळ वॉनाक्राय हल्ल्यातही बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चेच होते; एक्सपीवर तो बहुधा पसरण्याऐवजी संगणकच बंद पाडी. तेव्हा दोष केवळ म्हातारपणाला देता येत नाही.

म्हणून यंत्रासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवून तो आधी दुसऱ्या संगणकावर तपासतात, प्रोग्रॅम शक्य तेथे आरएस-२३२ केबलने पाठवतात. सर्व्हिस इंजिनिअरच्या लॅपटॉपलाही तोच नियम लावावा लागतो. नेमका तोच विसरला जातो. हार्ड डिस्कची इमेज काढून ती सुट्या डिस्कवर चालवून पाहिली नसेल, तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. फ्लॉपीच्या जागी यूएसबी एम्युलेटर आणि आयडीई डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवता येते. मदरबोर्डवरील बटणाएवढी बॅटरी संपली की जुना बोर्ड डिस्कची मांडणीच विसरतो. दिवाळीच्या सुटीत वीज बंद राहिलेल्या यंत्रांत हा बिघाड पहिल्या पाळीला उघडा पडतो. त्यासाठी बायॉसमधील नोंदी आधीच कागदावर उतरवून पॅनेलमध्ये ठेवाव्या लागतात.