उशाशी बसलेली बाई

राहुरी तालुक्यात मुळेच्या काठी आमचं जुनं घर आहे. आजीची सातही बाळंतपणं तिथल्या एकाच खोलीत झाली. माजघरामागची, खिडकी नसलेली, एरवी ज्वारीच्या कणग्या ठेवायची ती जागा. सुईणही सातही वेळा एकच, मांगवाड्यातली. आजी तिला मावशी म्हणायची. दिवस राहिल्याचं सासूच्या आधी मावशीला कळे; सुइणीपासून पोट लपत नाही म्हणतात ते उगीच नव्हे. अधूनमधून येऊन ती पोटावरून हात फिरवी, पहिलटकरणीची भीती घालवी. कळा सुरू झाल्या की उशाशी बसे. पुढे सोयर फिटेपर्यंत न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, बाळाचं अंग चोळणं तिच्याच हाती. बाराव्याला लुगडं आणि धान्य मिळालं, की मावशी पुन्हा अंगणात. पाणी वरून ओंजळीत. हे सांगताना आजीचा आवाज खाली गेला होता.

अलीकडे पुण्या-मुंबईत ‘डूला’ हा शब्द ऐकू येतो. गरोदर बाईला भेटत राहायचं, तिच्या शंका ऐकायच्या, कळा कशा येतात, श्वास कसा घ्यायचा, कसं बसायचं-वळायचं ते समजवायचं, नवऱ्यालाही तयार करायचं आणि प्रसूतीच्या वेळी शेजारी थांबायचं, हे तिचं काम. ती तपासत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. शब्द मूळ ग्रीक, अर्थ दासी. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी तो १९७०च्या दशकात या अर्थानं रूढ केला. हे वाचलं आणि मी आमच्या मावशीला कागदोपत्री शोधू लागलो.

ती सापडते ती जातींच्या वर्णनात एखाद्या ओळीपुरती, किंवा डॉक्टरांच्या तक्रारींत. १९०३मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला, तो दाई अडाणी आणि अस्वच्छ आहे हे गृहीत धरूनच. १९२७मध्ये कॅथरिन मेयोबाईंनी ‘मदर इंडिया’त तिला जवळजवळ राक्षसीण करून टाकलं. मेयोबाईंचा हेतू काय होता ते आता जगजाहीर आहे. पण तक्रार सगळीच खोटी नव्हती. आजीच्या सातांतली चार जगली. एक पोर आठव्या दिवशी आकडी येऊन गेलं. घरानं ते सटवीवर ढकललं. नाळ कापायच्या विळ्यातून धनुर्वात होतो, हे ना मावशीला ठाऊक होतं ना घरातल्या शिकलेल्या पुरुषांना. आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. त्यांनी १८८६मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना प्रबंधाला प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला, हे इथं आठवल्याशिवाय राहत नाही.

या बाईला दोष न देता शिकवण्याचा मोठा प्रयोग आमच्याच जिल्ह्यात, आग्नेय टोकाला जामखेडमध्ये झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथं काम सुरू केलं. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिलं. त्या टिकेनात, आणि गावातल्या बायाही त्यांच्याशी मोकळेपणानं बोलेनात. मग गावातल्याच बाया निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, परत जात. साबण, निर्जंतुक पातं, दोरा हे सामान त्यांच्या हाती आलं. पण मला अधिक मोलाचं वाटतं ते वेगळंच: गरोदर बाईच्या घरी त्या जात राहिल्या आणि अडलेली बाई कधी दवाखान्यात न्यायची ते ओळखायला शिकल्या. आणि ज्यांना अंगणात थांबवलं जाई त्यांना घरात घ्यावं लागलं. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राहुरीत तेव्हा ऊस आणि कृषी विद्यापीठ यांचीच चर्चा होती. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं हे काम आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

सरकारनंही १९७७पासून दायांना शिकवलं, पुढे तो मार्ग सोडला. २००५मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपण दवाखान्यातच व्हावं हे धोरण ठरलं. महाराष्ट्रात २००५-०६मध्ये सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१च्या पाहणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात गेलं. धनुर्वातानं जाणारी पोरं वाचली. याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी आजीची तीन मुलं आठवावीत.

पण उशाशी बसणारी बाई दाराबाहेर राहिली. १९८०मध्ये ग्वाटेमालातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्दीच्या रुग्णालयात काही बाळंतिणींजवळ एक साधी, अनोळखी बाई बसवली. तिनं पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं, एवढंच. त्यांची सुटका सरासरी नऊएक तासांत झाली. एकट्या असलेल्यांना एकोणीसहून अधिक तास लागले. अभ्यास लहान होता, पण पुढच्या बऱ्याच मोठ्या चाचण्यांतही सोबतीचा फायदाच दिसला. भारत सरकारनं २०१६मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला मुभा दिली. त्यानंतरही माझी भाची एका रुग्णालयात रात्रभर एकटी कळा देत होती. तिची आई बाहेर बाकावर बसून दर वेळी दार उघडलं की उठून उभी राहत होती.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोप्यांत गरोदर बायाही असतात. माहेर दूर, आशाताई गावी राहिलेली. डूला परवडणाऱ्या घरांत ती जाईलच. कोपीत कोण जाणार, असं मी एका मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, “शेजारच्या कोपीतली बाई असते की.”

गेल्या वर्षी तहसीलमध्ये जुनी कोतवाल बुकं पाहिली. वडिलांच्या जन्माची नोंद मोडीत सापडली: तारीख, बापाचं नाव, जात. मावशीचं नाव त्यात असायचं कारणच नव्हतं. आजी होती तेव्हा मी तिला विचारलं होतं. तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. “मावशीच म्हणायचो रे,” म्हणाली.