बिरवाडीचा विंचू आणि पाच वर्षांची गोळी

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड-पोलादपूरच्या डोंगरवस्त्यांत, भाताचा पेंढा उचलताना तांबड्या विंचवाने नांगी मारली, की ओकारी, दरदरून घाम आणि बर्फासारखे गार पडलेले हातपाय अशा क्रमाने दुखणे बळावत जाऊन, फुप्फुसांत पाणी साचून कित्येकजण दगावत. आणि मांत्रिकाचा अंगारा काय किंवा दवाखान्यातील मामुली सुई काय, दोन्ही इलाज त्यापुढे सारखेच निष्प्रभ ठरत. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या लक्षणांची बारकाईने टिपणे केली, आणि विषाच्या चिथावणीने शरीरातच उसळणारा ॲड्रेनालिन व तत्सम द्रव्यांचा लोंढा हृदयावर आघात करतो हे ध्यानी घेऊन, मुळात रक्तदाबासाठी निघालेली प्राझोसिनची स्वस्त गोळी १९८३ पासून या कामी योजली. तिचा वृत्तांत १९८६ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण, जे पूर्वी शेकडा तीसच्या घरात होते, ते पुढे चारच्या खाली उतरले.

संप्रेरक निर्माण होते ते होऊ द्यावे, परंतु पेशीच्या ज्या कुलपात ते शिरते त्यात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी, ही प्राझोसिनची युक्ती स्तनाच्या कर्करोगावरही चालते, आणि तिचा पूर्वेतिहास त्याच ‘लॅन्सेट’च्या पानांत आहे. गाईचे बीजकोश काढले असता ती दीर्घकाळ दूध देते, हा पशुपालकांचा अनुभव ऐकून स्तन आणि बीजकोश यांच्या संबंधाचा विचार करू लागलेल्या ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी, बीजकोश काढल्यावर स्तनातील अर्बुद ओसरल्याचे १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केले. बीजकोशांतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचे इस्ट्रोजेन हे नाव तोवर जन्मालाही आले नव्हते. शस्त्राचे हे काम गोळीवर आले ते टॅमॉक्सिफेनमुळे. १९६२ साली इंग्लंडात डोरा रिचर्डसन यांनी सिद्ध केलेले हे द्रव्य संततिनियमनासाठी अपेक्षित होते. त्या कामी ते नापास झाले, आणि १९७१ साली मँचेस्टरच्या रुग्णालयातून कर्करोगावरील त्याचा पहिला अहवाल आला. दोन्ही औषधे आपल्या मूळ कामगिरीवरून अन्यत्र बदली होऊन नावाजली, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

१९९८ साली अमेरिकेत, स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असलेल्या तेरा हजारांहून जास्त स्त्रियांच्या पाहणीत, टॅमॉक्सिफेनच्या गोळीने नव्या रोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. मात्र गर्भाशयाचा कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढत असल्याने प्रतिबंधासाठी ती सरसकट देण्याची तजवीज होऊ शकत नाही. उपचारातही, अर्बुदात संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे ती कुलपे, सापडले तरच तिचा उपयोग.

विंचवाचा निकाल एका रात्रीत लागतो. ही गोळी मात्र साधारणतः पाच वर्षे, रोज, दुखत-खुपत काही नसताना घ्यावी लागते, आणि १९४१ साली परळला उघडलेल्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या पोलादपूरहून एसटीने करणाऱ्या बाईला भातलावणीच्या ऐन हंगामात तिचा कंटाळा येणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही मुदतीपूर्वी ती परस्पर सोडू नये. आणि अवेळी रक्तस्राव झाला किंवा एका पायास सूज आली, तर पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, एवढी या मुलुखातील वाचकांना विनंती आहे.