देवी कोणी घालवली?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. लोकांनी घरातले देव नदीत, विहिरीत सोडले. पण मनातली देवी? अंगावर फोड आले की "देवी आल्या" म्हणून लिंबाचा पाला बांधायचे, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय. रोगालाच देवी म्हटल्यावर सुई कोण टोचून घेणार! लस तर मुंबईत १८०२ सालीच एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली होती. तरी देशातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. सरकारी ढिलाई होतीच, पण भीतीही होती. तथागतांनी कालामांना सांगितलं होतं, परंपरा आहे एवढ्यावर मानू नका, स्वतः तपासा. आमच्या चाळीत मात्र अजून पोर तापलं की आधी दृष्ट काढतात, डॉक्टर मागाहून.