देवाचा दरबार

देवाचा दरबार : कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (6 डिसेंबर 1861 – 9 मे 1919) यांनी 1917 मध्ये उभारलेला येशूच्या शिष्यांचा बंधुसंघ. मुख्य ठिकाण सातारा. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती, आणि याच गोष्टीमुळे मराठी ख्रिस्ती इतिहासात या अल्पायुषी प्रयत्नाचे मोल मोठे आहे.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन कुटुंबातला. त्याच जिल्ह्यात बाणकोटला स्कॉटिश मिशनरी 1823 मध्येच येऊन राहिले होते. टिळकांना मात्र ख्रिस्त भेटला तो कोकणापासून फार दूर, आगगाडीत. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी (अध्याय 5 ते 7) आले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रवचनाच्या शेवटाकडे एक कठोर वचन आहे (मत्तय 7:21). त्याचा आशय असा : नुसता प्रभूच्या नावाचा घोष करून कोणी स्वर्गाच्या राज्यात जात नाही, पित्याच्या मनासारखे जो वागतो तोच जातो. पुढच्या वचनांत खडकावर बांधलेल्या घराचा दृष्टांत येतो. श्रद्धेची परीक्षा इथे आज्ञापालनात आहे. बोलण्यासारखे चालणे मागणारा तुकोबांचा अभंग ज्याच्या कानी लहानपणापासून आहे, त्या मराठी माणसाला ही मागणी परकी वाटत नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसहून अधिक वर्षे काम केले. 1904 मध्ये ते रेव्हरंड झाले, पुढे ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळली. उपासनेसाठी रचलेली त्यांची पदे आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्याशाचे जीवन पत्करले. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ तसाही टिकत नसे; पण वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी घरखर्चाचा आधारच सोडून देणे ही वेगळी गोष्ट. उद्याची चिंता करू नका, ही डोंगरावरच्या त्याच प्रवचनातली आज्ञा त्यांनी अक्षरशः घेतली, असेच या निर्णयाकडे पाहावे लागते.

दरबाराचे पुढारपण समजून घ्यायचे तर टिळकांच्या घरात डोकावावे. बाप्तिस्म्यामुळे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळ कोसळले. पती एका धर्मात, आपण दुसऱ्या, अशा अवस्थेत त्यांनी काही वर्षे ताटातुटीत काढली. टिळकांच्या आज्ञापालनाची किंमत आधी लक्ष्मीबाईंनीच मोजली, हे नोंदवल्याशिवाय ही नोंद खरी होणार नाही. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून हळूहळू, त्यांच्याच गतीने गेले आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास त्यांनी विलक्षण निर्मळपणे सांगितला आहे. स्वतः गुरूची आज्ञा तंतोतंत पाळायची, पण दुसऱ्याच्या श्रद्धेला तिची वेळ येऊ द्यायची, ही टिळकांची रीत दरबारात नियमासारखी उतरली. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही शिष्य म्हणणे, हे त्या काळच्या मिशनच्या चौकटीत सोपे नव्हते. मराठी भूमीत ख्रिस्ताला परका ठेवायचा नसेल तर भजन, कीर्तन आणि अभंग यांची वाट त्याला मोकळी करावी लागेल, हेही त्यांनी ओळखले होते.

दरबार उभारल्यावर दोनच वर्षांत टिळक मुंबईत वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले.