विद्यापीठ आणि शेवटची बस

गोवा विद्यापीठाचा इतिहास कागदावर अगदी सुटसुटीत आहे. 1984 साली कायदा झाला, 1 जून 1985 रोजी कारभार सुरू झाला. ताळगावच्या पठारावर सुमारे 427 एकर जागा मिळाली, वास्तूंची आखणी सतीश गुजराल यांनी केली आणि पहिले कुलगुरू म्हणून डॉ. बी. शेख अली आले. ते स्वतः इतिहासाचे अभ्यासक. पण पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला विचारून बघा, "तुमच्या वेळी शिकणं कसं होतं?" तो यातले एकही नाव घेणार नाही. तो आधी बसबद्दल बोलेल. कितीची बस, कुठे बदलायची, शेवटची कधी सुटायची. अभ्यासक्रम, प्राध्यापक, ग्रंथालय हे सगळे त्याच्या मागून येते.

माझे माहेर डिचोली, सासर पेडणे. दोन्हीकडे लग्नकार्यात, जत्रेत, दवाखान्याच्या बाकावर मी हा प्रश्न विचारत आले आहे आणि उत्तराची सुरुवात जवळजवळ नेहमी रस्त्यापासूनच होते. आधी मला ते गमतीचे वाटे. मग लक्षात आले की ही माणसे आपल्या भागाचा इतिहासच सांगत आहेत.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे उशिरा आले, 1781 ते 1788 या काळात. म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. पणजीत 1842 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, 1854 मध्ये लिसेव निघाले. पण तिथली भाषा पोर्तुगीज. आमच्याकडच्या मुलांचे शिक्षण म्हणजे देवळाच्या मंडपात नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर शेणवीमामांनी शिकवलेले मराठी वाचन, मोडी आणि हिशेब. त्यापुढे जायचे तर सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठायची. म्हणजे पणजीपेक्षा सावंतवाडी आम्हाला जवळची होती, निदान मनाने तरी. 1955 नंतर सीमा आवळली गेली तेव्हा ही वाटही कठीण झाली.

शिकण्यासाठी घर सोडलेल्या गोमंतकीयाने आपल्या विद्यार्थिदशेबद्दल प्रांजळपणे लिहिलेले पुस्तक कोणते, असे कुणी विचारले तर मी धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदना'चे नाव घेते. ते साखवाळचे, म्हणजे आमच्या भागातले नव्हेत. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश अशी त्यांची वणवण झाली. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. हे सगळे त्यांनी संकोच न करता लिहून ठेवले आहे. आम्हा जैनांचा त्यांच्या काही मतांवर राग होता आणि तो जुन्या लोकांत अजून पूर्ण गेलेला नाही. तरी शेवटी 1947 मध्ये सेवाग्रामला त्यांनी सल्लेखनेच्या वाटेने अन्नत्याग करून देह ठेवला, हेही विसरता येत नाही. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांचे नाव आज गोवा विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या महाशाळेला आहे. ज्ञानासाठी बापाने गोवा सोडला आणि मुलाचे नाव गोव्याच्याच विद्यापीठात लागले. मधल्या काळात काय बदलले, तेच इथे सांगायचे आहे.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय निघाले, 1963 मध्ये म्हापशाला सेंट झेवियर्स. ही सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाचे केंद्र पणजीत होते. परीक्षेचा निकाल मुंबईहून यायचा आणि पदवीच्या कागदावर मुंबईचे नाव असायचे. माझ्या चुलतभावाच्या पदवीवर ते आहे आणि माझ्या पदवीवर गोव्याचे. घरात अजून दोघांची यावरून थट्टा चालते, कुणाची पदवी वजनदार म्हणून.

पण महाविद्यालये निघाली म्हणजे आमची मुले लगेच तिथे पोचली असे नव्हे. आधी शाळा हव्यात. पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर 1963 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या. आता साधा हिशेब करा. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल मॅट्रिक व्हायला 1974 उजाडते. म्हणजे शेतकऱ्यांची, खाणीवरच्या कामगारांची, रेंदेरांची मुले मोठ्या संख्येने कॉलेजच्या दारात पोचली ती सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यांच्याकडे फीचे पैसे कसेबसे होते. रोजच्या तिकिटाचे नव्हते.

1978-79 चे विद्यार्थी आंदोलन या हिशेबातूनच उभे राहिले, असे मला वाटते. मागणी काय होती? बसभाड्यात पन्नास टक्के सवलत. बस. त्यात मोठे तत्त्वज्ञान नव्हते की परदेशातून आलेली घोषणा नव्हती. मुले रस्त्यावर आली, मोर्चे निघाले, पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि अखेर सवलत मिळाली. त्या वेळी गाड्या खाजगी मालकांच्या होत्या. कदंब परिवहन महामंडळ पुढे 1980 मध्ये आले. विद्यार्थ्यांनी आपल्या आयुष्याबद्दल खरे बोलायचे ठरवले तेव्हा ते तिकिटाबद्दल बोलले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याला रोज पणजीपर्यंत तीस किलोमीटर जायचे आहे त्याच्यासाठी उच्च शिक्षणाचा पहिला प्रश्न तोच होता. आजची मुले सवलतीचा पास दाखवून बसतात. तो कुणी मिळवून दिला हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असते.

मग 1985 मध्ये आपले विद्यापीठ झाले आणि वर्षभरानंतर, 5 जुलै 1986 रोजी, मांडवीवरचा पूल कोसळला. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. आमची बस बेतीला थांबायची, तिथून फेरीबोट, पलीकडे पणजी. नवा पूल व्हायला काही वर्षे लागली. पावसात छत्री उलटी व्हायची, वह्या प्लास्टिकच्या पिशवीत, एका बोटीत माणसे, स्कूटरी आणि मासळीच्या पाटल्या. मुलगे त्या दिवसांबद्दल हसत बोलतात. मुलींचे बोलणे वेगळे असते. कारण बोट चुकली की पलीकडची बस चुकायची आणि बस चुकली की घरी पोचायला दिवेलागण उलटून जायची. एकदोनदा असे झाले की घरात बोलणी सुरू व्हायची, "पुरे झालं शिक्षण."

आमच्या घरात त्यात आणखी एक अडचण होती. रात्रीभोजनत्याग. डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेचारला तास सुटला तर सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवणे अशक्य. मग आईने दोन डबे द्यायला सुरुवात केली, एक दुपारचा आणि एक पाचचा. दुसरा डबा मी बोटीची वाट बघत उभ्याने खायचे. इतर मुली विचारायच्या, "गो, तुका इतक्यात भूक कशी लागता?" समजावून सांगितल्यावर त्यातली एक रोज घड्याळ बघून मला आठवण करून द्यायची. ती ख्रिस्ती होती. गावात राहून मला तिची ओळख कधीच झाली नसती. विद्यापीठीय शिक्षणाने काय दिले याची यादी करायची तर मी हे वरच्या बाजूला लिहीन.

ती वर्षे गोव्यातही वादळी होती. राजभाषेवरून घराघरांत भांडणे झाली. 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा कायदा मंजूर झाला आणि 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झाले. वर्गात मराठीवाले आणि कोंकणीवाले वेगळ्या बाकांवर बसत. पण शिकवणे चालायचे इंग्रजीत. हे मात्र आजही जवळपास तसेच आहे, आणि आजच्या मुलांशी बोलताना बसच्या खालोखाल हीच गोष्ट निघते. पेडण्याचा एक मुलगा मला म्हणाला, "प्रश्न मनात येतो तो आमच्या भाषेत. त्याचं इंग्रजी करेपर्यंत सर पुढच्या पानावर." ही तक्रार कुणा एका शिक्षकाविरुद्ध नाही. पहिलीपासून मराठी किंवा कोंकणीत शिकलेल्या मुलाला एकदम दुसऱ्या पाण्यात सोडले की असे होणारच.

दरम्यान रस्ता पुष्कळ बदलला. साखळीत आणि पेडण्यात सरकारी महाविद्यालये झाली. पेडण्यातल्या विर्नोड्याच्या महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. डिचोलीतही वाणिज्य महाविद्यालय आले. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल झाला. आता पदवीपर्यंत मुलीला तालुक्याबाहेर जावे लागत नाही आणि माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत आमच्या भागातल्या बायकांसाठी झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. ती कुठल्या भाषणाने झाली नाही. अंतर कमी झाले म्हणून झाली.

मात्र आज ताळगावच्या पठारावर जाणारी मुले जे प्रांजळपणे सांगतात त्यात कौतुकही आहे आणि भीतीही. पुस्तकांचे कपाट उघडे मिळते, काणकोणची मैत्रीण होते, कुणाची परवानगी न घेता दुपार घालवता येते, याचा आनंद ती लपवत नाहीत. भीती आहे ती पुढची. डिचोलीच्या मुलांनी 2012 मध्ये खाणी बंद पडलेल्या पाहिल्या, 2018 मध्ये पुन्हा पाहिल्या. दारात उभे राहिलेले ट्रक आणि थकलेले हप्ते बघत ती पदवीला बसली. पेडण्याच्या मुलांसमोर मोपाचा विमानतळ उभा राहिला. तिथे पदवीच्या तोलाचे काम किती आणि इतर काम किती, असे ती सरळ विचारतात. या प्रश्नाचे उत्तर एकट्या विद्यापीठाने द्यायचे नाही हे खरे, पण तो ऐकून तरी घ्यायला हवा.

ऐकणे सोपे नाही. कारण शिकत असताना मूल खरे बोलत नाही. अंतर्गत गुण शिक्षकांच्या हातात असतात, त्यामुळे कुठल्याही विद्यापीठात छापील अर्जावर "समाधानकारक" एवढेच उमटते. निकाल लागला की तोंड उघडते, पण तोवर विचारणारे कुणी उरत नाही. शिवाय एकाचे मत म्हणजे सगळे सत्य नव्हे. आमच्याकडे त्याला नय म्हणतात, वस्तूकडे बघण्याची एक बाजू. वसतिगृहातल्या मुलीचे विद्यापीठ वेगळे, रोज दोन बसा बदलणारीचे वेगळे, स्कूटरवाल्याचे वेगळे. यातले कुठलेच खोटे नाही आणि कुठलेच पूर्ण नाही. सगळे एकत्र मांडले तर काही हाती लागेल.

2025 मध्ये विद्यापीठाला चाळीस वर्षे झाली. पहिल्या तुकड्यांतली माणसे आता निवृत्तीला आली आहेत. त्यांना विचारावे, तारखा नव्हे, रोजचा दिवस विचारावा. आणि आणखी एका मताची नोंद व्हावी असे मला मनापासून वाटते. माझ्याबरोबर बारावीला बसलेल्या, माझ्यापेक्षा हुशार असलेल्या कितीतरी मुली पुढे आल्या नाहीत. कुणाच्या गावाला संध्याकाळची गाडी नव्हती, कुणाच्या वाटेत दोन बोटी होत्या, कुणाच्या भावाने सांगितले, उशीर होतो. त्या आज आजी झाल्या आहेत आणि नातवंडांचा अभ्यास घेतात. विद्यापीठाच्या एकाही नोंदवहीत त्यांचे नाव नाही, कारण त्या तिथे कधी पोचल्याच नाहीत. विद्यापीठाबद्दलचे प्रांजळ मत त्यांच्याकडेही आहे. ते अजून कुणी मागितलेले नाही.