डिमॉक्रिटसची नीतिवचने आणि अणुवाद

डिमॉक्रिटस (जन्म इ. स. पू. सुमारे ४६०) याच्या नावावर आज जी वचने उपलब्ध आहेत, त्यांतील बहुसंख्य नीतिपर आहेत; तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मात्र त्याला स्थान मिळते ते अणुवादी म्हणून. ही विसंगती बव्हंशी संहितांच्या प्रवासातून निर्माण झालेली आहे. त्याचा एकही ग्रंथ अखंड टिकलेला नाही. त्याचे भौतिक सिद्धान्त ॲरिस्टॉटल, थिओफ्रॅस्टस, सिम्प्लिसिअस यांच्या खंडनमंडनातून कळतात. नीतिवचने मुख्यतः इ. स. च्या पाचव्या शतकातील स्टोबिअसच्या संकलनातून. एका परंपरेने युक्तिवाद जपले आणि शब्द गाळले. दुसरीने शब्द जपले आणि युक्तिवाद गाळले. वस्तुतः थ्रॅसिलसने केलेल्या त्याच्या ग्रंथसूचीचा आरंभच नीतिविषयक ग्रंथांनी होतो. सुभाषितसंग्रहाने एका तत्त्वज्ञाचे रूपांतर नीतिबोधकात केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या दोन डिमॉक्रिटसांना जोडणारा दुवा एका शब्दात सापडतो. अणूंमधील भेद आकार, क्रम आणि स्थिती या तीन बाबतींत असतात, हे सांगताना ॲरिस्टॉटल लिपीतील अक्षरांचा दृष्टान्त देतो. शोकात्मिका आणि सुखात्मिका त्याच अक्षरांतून घडतात, असेही तो अन्यत्र नोंदवतो. (येथील अणू वैशेषिकांच्या परमाणूहून भिन्न आहे. वैशेषिकांच्या पार्थिव परमाणूला गंध असतो. डिमॉक्रिटसच्या अणूला रंग, रस, गंध यांपैकी काहीच नाही.) आकारासाठी अणुवाद्यांचा शब्द होता ‘र्‍हिस्मॉस’. डिमॉक्रिटसच्या एका वचनाचा आशय असा, की शिक्षण माणसाला नवे रूप देते आणि त्यातूनच त्याचा स्वभाव निर्माण करते. आणि ‘नवे रूप देणे’ या अर्थाचे तेथील क्रियापद याच शब्दापासून साधलेले आहे. दुसऱ्या एका वचनात, टोकापासून टोकापर्यंत हेलकावणारे आत्मे स्थिर राहत नाहीत व प्रसन्नही राहत नाहीत, असे प्रतिपादन आहे. ‘युथिमिआ’ म्हणजे चित्ताची प्रसन्नता हे त्याच्या नीतिविचाराचे साध्य. आत्माही अणूंचाच बनलेला असेल, तर येथील ‘हेलकावणे’ केवळ रूपक उरत नाही. ग्रेगरी व्लास्टॉस यांनी १९४५-४६ मध्ये याच आधारावर भौतिकी आणि नीती यांचे ऐक्य मांडले. पुढील अभ्यासकांना ते ताणलेले वाटले. एका क्रियापदावर संपूर्ण दर्शन उभे करता येत नाही, हे खरेच. परंतु एवढा नेमका पारिभाषिक शब्द सहज पडला असेल, हे पटणे अधिक कठीण आहे.

खरी अडचण निराळीच आहे. सर्व काही अनिवार्यतेने घडत असेल, तर शिक्षणाला अर्थ कोणता? हा प्रश्न एपिक्युरसने (इ. स. पू. ३४१-२७०) धारेवर धरला. भौतिकवाद्यांच्या नियतीचे दास होण्यापेक्षा देवांच्या कथांवर विश्वास ठेवणे बरे, अशा आशयाचे विधान त्याने मेनिसिअसला लिहिलेल्या पत्रात केले आहे. कथेवर श्रद्धा नसलेल्या माणसाने दिलेला हा कौल आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागील अस्वस्थता जाणवते. अणूच्या यत्किंचित विचलनाची कल्पना त्याचीच मानली जाते. परंतु त्याच्या उपलब्ध लेखनात तिचा स्पष्ट उल्लेख नाही. ती विस्ताराने भेटते ल्युक्रिशिअसच्या काव्याच्या दुसऱ्या सर्गात. मार्क्सने १८४१ च्या आपल्या प्रबंधात याच विचलनाला या दोन अणुवाद्यांमधील भेदाच्या केंद्रस्थानी ठेवले.

आजच्या तुर्कस्तानातील इनोआंडा येथे डायोजिनिस नावाच्या एका एपिक्युरसानुयायाने आपल्या गुरूचे तत्त्वज्ञान भिंतीवर कोरून घेतले होते. त्या शिलालेखात विचलनाचा उल्लेख येतो, आणि तो डिमॉक्रिटसचे नाव घेऊनच. अणूंची मुक्त गती त्याला उमगली नाही. नियतीवर विश्वास ठेवला तर उपदेश आणि निर्भर्त्सना दोन्ही निरर्थक ठरतात, असा तेथील आक्षेप आहे. ज्याच्या लेखनातून काळाने प्रामुख्याने उपदेशच शिल्लक ठेवला, त्याच्यावरचा हा आक्षेप आहे.