एक डोळा मिटला की...

गेल्या दिवाळीत टेक्सासहून भाच्याने एक फोटो पाठवला. फराळाचा असेल म्हणून उघडला, तर काळी कुळकुळीत कार्बाइन! हा पठ्ठ्या तिकडे शनिवार-रविवारी 'थ्री-गन' नावाच्या स्पर्धा खेळतो. पिस्तूल, शॉटगन आणि रायफल अशी तीन हत्यारं, आणि पळत पळत, घड्याळ लावून नेमबाजी. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, हे अजिबात आवडत नाही. खरं सांगायचं तर मलाही फारसं आवडत नाही. पण मामा असल्यामुळे मला ते बोलून दाखवता येत नाही :)

फोटोत मात्र एका गोष्टीने मला अडवलं. बंदुकीवर वरच्या बाजूला एक दुर्बीण होतीच, शिवाय उजव्या अंगाला, तिरकी, काडेपेटीएवढी एक काच बसवली होती. मी विचारलं, "हे काय रे? दोन-दोन कशाला?"

उत्तर आलं, "मामा, एक लांबचं बघायला, एक जवळचं. तुझ्या चष्म्यासारखं."

मी चष्मा काढून पुसला आणि मला एकदम शेंदूरजनाघाटचं आमचं वावर आठवलं. आबाजींची ठासणीची बंदूक आठवली. ती मी कधी पाहिली नाही, फक्त ऐकली आहे. तिची गोष्ट पुढे येईलच. पण आधी ह्या दुसऱ्या डोळ्याचा इतिहास सांगतो, कारण त्याची मुळं शोधताना मी चक्क आपल्या वऱ्हाडातच येऊन पोचलो.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला वेलस्लीच्या फौजेची भोसले-शिंद्यांच्या फौजेशी लढाई झाली. मग १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी, की वेलस्लीच्या शिपायांच्या हातातल्या 'ब्राउन बेस' बंदुकीला मागची माशीच नव्हती. पुढे नळीच्या टोकाशी संगीन अडकवायचं एक बोंड होतं, तेच काय ते नेम धरायला. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे गोळी कुठे जाईल ते गोळीलाच ठाऊक. एकट्या शिपायाने नेम धरायचा नव्हताच. रांगेत उभं राहायचं आणि हुकूम झाला की सगळ्यांनी मिळून समोर बार काढायचा.

पुढे नळीत आटे आले, गोळी लांब आणि सरळ जाऊ लागली, आणि नेमाची खरी कटकट तिथून सुरू झाली. गोळी सुटल्याबरोबर खाली पडायला लागते. जितकं लांब मारायचं तितकी नळी वर उचलावी लागते. म्हणून १८५३ सालच्या एन्फिल्ड रायफलीवर मागे शिडीसारखी उभी राहणारी पट्टी आली. अंतर जास्त असेल तर शिडीवरचा सरकता तुकडा वर चढवायचा. पण लांबसाठी शिडी चढवली आणि शत्रू एकदम जवळ आला, तर गोळी त्याच्या डोक्यावरून जायची. एका नेमात दोन अंतरं बसत नाहीत, हे दुखणं तेव्हाच उघडं पडलं.

शिकाऱ्यांनी त्यावर आपला तोडगा काढला. सातपुड्याच्या रानांवर 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक (१८७१) लिहिणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या ह्या विषयावरही वेगळं पुस्तक लिहिलं होतं. जंगलात जनावर कधी दीडशे यार्डांवर दिसतं, तर कधी झुडपातून पंधरा पावलांवर निघतं. त्या काळच्या 'एक्सप्रेस' रायफलींवर म्हणून मागच्या माशीला पानं असत. एक पान कायम उभं, जवळच्या अंतरासाठी. बाकीची आडवी झोपलेली. लांब मारायचं तर बोटाने एक उभं करायचं. भाच्याच्या दोन काचांची पणजी म्हणायची तर ही पानं. जवळचं कायम तयार, लांबचं हवं तेव्हा. आज थ्री-गनवाल्यांनी ते उलटं केलंय इतकंच.

आता त्या छोट्या काचेकडे येऊ. तिला 'रेड डॉट' म्हणतात. साध्या माशीच्या नेमात डोळ्याला तीन गोष्टी एका ओळीत आणायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो, त्यामुळे दोन गोष्टी धुरकट राहतातच. चाळिशी ओलांडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ह्यावरची युक्ती काढली ती डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबने, १९०० साली. ग्रब हे दुर्बिणी बनवणारं घराणं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक नेगमवालांनी जी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली होती, तिथली २० इंची दुर्बीण ग्रबचीच. पुढे ती कोडाईकनालला गेली. तर तारे बघायच्या काचा घासणाऱ्या ह्या माणसाला सुचलं, की खूण काचेच्या केंद्रबिंदूवर ठेवून तिचा प्रकाश समांतर करून डोळ्यात पाठवला, तर ती खूण लक्ष्याइतकीच लांब असल्यासारखी दिसेल. मग ओळ जुळवायला नको. खूण लक्ष्यावर दिसली की झालं, डोकं थोडं इकडे-तिकडे झालं तरी चालतं. लढाऊ विमानांनी ही युक्ती उचलली. पुढे बंदुकीवर बसेल अशी, एलईडीचा छोटा दिवा असलेली काच आली. १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने तशी पहिली काच बाजारात आणली.

आणि ह्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिच्यातून बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

स्पर्धावाले सुरुवातीला हसले असणार. पण १९९० साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडला डग केनिग हा अमेरिकन नेमबाज पिस्तुलावर लाल ठिपका लावून जागतिक विजेता झाला आणि हसणं थांबलं. मग रायफलीची पाळी आली. ह्या स्पर्धेत एकाच फेरीत एक पाटी पाच यार्डांवर तर दुसरी तीनशे यार्डांवर असू शकते. लांबच्यासाठी सहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण हवीच. पण सहा पटीवर शंभर यार्डांवरचं जेमतेम वीस फूट रुंद जग दिसतं. म्हणजे दहा यार्डांवर फक्त दोन फूट! दुर्बिणीची कडी फिरवून पट कमी करता येते, पण त्यात वेळ जातो. घाईत विसरायलाही होतं. म्हणून लाल ठिपका ४५ अंशांत बाजूला बसवायचा. जवळची पाटी आली की बंदूक खांद्यावरून न काढता मनगटाने डावीकडे कलती करायची, की ठिपका डोळ्यासमोर. बास.

फुकट मात्र काही नाही. बंदुकीवर वजन चढतं. ठिपका नळीच्या साधारण दोन इंच वर असतो, त्यामुळे अगदी जवळून मारताना गोळी तेवढी खाली लागते, ते लक्षात ठेवावं लागतं. त्याचा नेमही बंदूक कलती धरूनच जुळवावा लागतो. आणि बऱ्याच स्पर्धांत 'टॅक्टिकल' विभागात एकच काच चालते. दोन लावल्या की 'ओपन' विभागात, दादा लोकांच्यात उतरावं लागतं.

भाच्याला हे सगळं विचारून झाल्यावर मी शेवटचा प्रश्न विचारला, "पण तू का लावलीस?" बराच वेळ काही आलं नाही. मग त्याने लिहिलं, की मागच्या वर्षी एका फेरीत तो कडी फिरवायला विसरला. सहा पटीतच जवळची पाटी शोधत राहिला आणि गोळी शेजारच्या पांढऱ्या पाटीला लागली. पांढरी पाटी म्हणजे 'नो-शूट', मारायची नाही अशी, माणूस समजायची. "मामा, गुण गेले त्याचं काही नाही. पण ती पाटी मला दिसलीच नव्हती."

आता आबाजींची गोष्ट.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. तसा परवाना आबाजींकडे होता. सातपुडा उशालाच, रानडुकरांचे कळप रात्री उतरायचे आणि संत्र्याच्या नव्या बागेतला हरभरा उकरून ठेवायचे. आबाजी आणि धाकटे आबाजी आळीपाळीने जागलीला जायचे. एका रात्री धुऱ्याकडे खुसफुस झाली. आबाजींनी दस्ता खांद्याला लावला, डावा डोळा मिटला, माशीवर उजवा लावला आणि चाप ओढला. त्याच क्षणी डावीकडच्या ओळीतून धाकटे आबाजी बाहेर आले. कंदील विझलेला, पायात वहाणा नाहीत, आवाज नाही. छर्रे त्यांच्यापासून हातभर अंतरावर मातीत घुसले.

दुसऱ्या दिवशी आबाजींनी बंदूक ठाण्यात जमा केली. पुढे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी किती समजावलं. ते एवढंच म्हणायचे, "एक डोया मिटला का अर्धं वावर जाते रे बाप्पा." त्यानंतर आमच्या वावरात डबे वाजवले गेले, फटाके फुटले, हरभरा गेला. बंदूक परत आली नाही.

दोन्ही डोळे उघडे असते तरी त्या अंधारात भाऊ दिसला असता का? मला माहीत नाही. काच कितीही चांगली असली तरी कंदील विझलेला असेल तर ती काय करणार? आणि एक डोळा झाकणं वाईटच असंही नाही. २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, बारीक भोकातून नेम धरतात आणि दुसऱ्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावायची मुभा असते. पण तिथे लक्ष्य हलत नाही, मधे कुणी येत नाही, आणि कुणी येणार नाही ह्याची काळजी दुसऱ्यांनी घेतलेली असते. वावरात तसं नसतं.

भाच्याला मी ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. त्याच्या आईनेही त्याला कधी सांगितली नव्हती. त्याने विचारलं, "धाकटे आबाजी म्हणजे आईला कडेवर घेतलेल्या फोटोतले?" म्हटलं, हो, तेच.

असो. मला बंदुका अजूनही आवडत नाहीत. पण ती तिरकी काच आवडली. ताई, तू हे वाचशीलच. त्याला रागावू नकोस. न दिसलेल्या पाटीचं ज्याला वाईट वाटतं, त्याच्यात आबाजी थोडे उतरलेत असं समज.